मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा? वर्षभर वापरून माझा आणि भाचीचा अनुभव

आधी सांगते हे कुणासाठी लिहितेय. पन्नाशीच्या आसपास पळायला लागलेल्या माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या ग्रुपमध्ये विशीतली पोरं पण असतात, आणि घाट चढून वर पोचलं की पोरं दोन मिनिटात हसायला खिदळायला लागतात आणि आपली धाप काही केल्या खाली बसत नाही, आणि मग घरी येऊन अंघोळ करताना डोक्यात तेच घोळत राहतं की माझं हार्ट ठीक आहे ना. मी ५६ वर्षांची, साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी, ४७ व्या वर्षी पळायला लागले. भाची २२ वर्षांची, कॉलेजकडून ८०० आणि १५०० मीटर पळते. आम्ही दोघी मिळून रविवारी यवतेश्वर घाटात हिल रिपीट करतो, म्हणजे एकच चढ जोर लावून परत परत चढायचा. समर्थ मंदिर सोडून वर लागलं की पहिला चढ सुरू होतो तिथपासून.

तर रिव्ह्यू आहे छातीला बांधायच्या हार्ट रेट पट्ट्याचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि मला वाटतं चांगल्या कंपन्यांचे सगळेच पट्टे साधारण सारखंच काम करतात. मी साडेसहा हजाराला घेतला. त्याआधी तीन वर्षं मनगटावरचं जीपीएस घड्याळ होतं, अजूनही आहे, अंतर आणि पेससाठी तेच वापरते.

पट्टा का घ्यावा लागला ते सांगते. गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं, बारीक पाऊस, हात गार पडलेले. तीन मिनिटं जोर लावून चढलो आणि ठरलेल्या दगडापाशी थांबलो. मी घड्याळात बघितलं तर मिनिटाला १५८ ठोके. एक मिनिट उभी राहिले, परत बघितलं, १५७. म्हणजे मिनिटभरात फक्त एक ठोका कमी? पोटात गोळाच आला माझ्या. मागे कुठेतरी वाचलं होतं की मिनिटात १२ पेक्षा कमी उतरला तर धोका, ते तेवढंच लक्षात होतं. भाची म्हणाली, "मावशी, घाबरू नको, मानेला बोट लाव आणि मोज", तिनं मोबाईलमध्ये १५ सेकंदाचा टाइमर लावला. मोजले तर ३३ ठोके, गुणिले चार म्हणजे १३२. तोवर थांबून दीड मिनिट झालं असेल. घड्याळ अजून १५० च्या वरच दाखवत होतं.

मग आमच्या पळण्याच्या सरांनी समजावलं. घड्याळाच्या खाली तो हिरवा लाइट असतो ना, तो कातडीतून आत जातो आणि रक्त कमी जास्त झालं की परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून घड्याळ ठोके काढतं. म्हणजे हृदयाकडे ते बघतच नाही, मनगटातल्या रक्ताकडे बघतं. हात गार पडले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सिग्नल बारीक होतो. त्यात हात हलत असले की कधी कधी घड्याळ पावलांच्या तालालाच ठोके समजतं. शिवाय आकडा उड्या मारू नये म्हणून ते मागच्या काही सेकंदांची सरासरी काढत राहतं. हळू पळताना यानं काही बिघडत नाही, तेव्हा आकडा बऱ्यापैकी बरोबर असतो. पण जोरात पळून एकदम थांबल्यावरचं पहिलं मिनिट, जे रिकव्हरीसाठी, म्हणजे ठोके किती लवकर खाली येतात ते बघायला, सगळ्यात महत्त्वाचं, नेमकं तिथंच घड्याळ मागे पडतं. पट्ट्याला दोन इलेक्ट्रोड असतात, ते हृदयाचा विजेचा सिग्नलच पकडतात, ईसीजीसारखा. त्यामुळे थांबल्या क्षणापासून आकडा खरा.

पट्टा आल्यावर पहिल्या रविवारी दोघींनी आळीपाळीनं लावला. माझा थांबताना १७१, एका मिनिटानं १४६, दोन मिनिटांनी १२४. भाचीचा थांबताना १९४, एका मिनिटानं १४९, दोन मिनिटांनी १२१. हे आकडे मी तिथंच मोबाईलमध्ये टाइप केले, अजून आहेत. पहिल्यांदा नजर कुठे जाते, तर माझे २५ उतरले आणि तिचे ४५. म्हणजे मी निम्मी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग दुसऱ्या मिनिटाचा आकडा बघा. १२४ आणि १२१. तीन ठोक्यांचा फरक. दोघी जवळपास एकाच ठिकाणी पोचलो होतो, ती फक्त जास्त उंचावरून आणि जास्त वेगानं खाली आली होती.

हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले, आणि हेच मला या पट्ट्यानं दिलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वय वाढलं की जास्तीत जास्त ठोक्यांचा आकडा कमी होतोच. हृदयात ठोका सुरू करणारी जी गाठ असते तिचा स्वतःचा वेग वयानुसार मंदावतो, आणि ॲड्रेनलिनला हृदय तरुणपणी जसं उसळून साद देतं तसं नंतर देत नाही. हे व्यायामानं थांबत नाही, कितीही पळा. २२० वजा वय हा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, त्यानं माझा मॅक्स १६४ येतो. २००१ मध्ये आलेला दुसरा आहे, २०८ वजा वयाचे ०.७ पट, त्यानं १६९ येतो. आणि पट्ट्यावर माझा खरा १७६ गेलाय. दोन्ही फॉर्म्युले सरासरीचे आहेत, एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडे तिकडे सहज असतात. मग ज्या मॅक्सवरून आपण झोन (किती ठोक्यांवर हळू, किती ठोक्यांवर जोरात पळायचं ते टप्पे) ठरवतो तोच चुकीचा असला तर सगळं ट्रेनिंग चुकतं. माझं तीन वर्षं चुकत होतं, मी ज्याला खूप जोरात समजत होते ते मधलंच काहीतरी होतं.

आता उतरण्याचं. पळताना मेंदू दोन गोष्टी करतो, ब्रेक सोडतो आणि ॲक्सिलरेटर दाबतो. ब्रेक म्हणजे व्हेगस नावाची नस, ॲक्सिलरेटर म्हणजे ॲड्रेनलिनची बाजू. थांबलं की पहिला अर्धा एक मिनिट जो धाडकन आकडा उतरतो तो बहुतेक ब्रेक परत लागल्यामुळे. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये हे दाखवलं, त्यांनी लोकांना ॲट्रोपिन दिलं, त्या औषधानं व्हेगस बंद पडते, आणि सुरुवातीचा तो झपकन उतार खूपच मंदावला. खेळाडूंमध्ये उतार जोरदार होता, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये अगदी मंद. त्यानंतरचा जो हळूहळू उतार असतो तो ॲड्रेनलिन रक्तातून कमी होत जातं तसा. वयानुसार ब्रेक जरा ढिला होतो, पण इथं मॅक्ससारखं नाही, नियमित व्यायाम करणाऱ्याचा ब्रेक त्याच वयाच्या बसून राहणाऱ्यापेक्षा चांगला राहतो. म्हणजे वरचा आकडा आपल्या हातात नाही, उतार बऱ्यापैकी आपल्या हातात आहे.

पट्ट्याचा ग्राफ मोठा करून बघितला तर हे डोळ्यानं दिसतं. भाचीची रेघ थांबल्याबरोबर कड्यावरून खाली पडल्यासारखी. माझी रेघ वर दहा-बारा सेकंद तशीच सपाट, कधी एखादा ठोका वर पण जाते, आणि मग वाकते. घड्याळात हे दहा सेकंद कधी दिसलेच नव्हते.

आणि ते १२ चं प्रकरण. हा आकडा आला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९९ च्या अभ्यासातून. २४२८ लोक, सरासरी वय ५७, स्ट्रेस टेस्टनंतर (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, बाकी गोष्टी हिशोबात धरूनही दुपटीच्या आसपास. अभ्यास मोठा आहे, महत्त्वाचा आहे. पण ते लोक डॉक्टरांनी टेस्टला पाठवलेले होते, आणि टेस्ट संपल्यावर ट्रेडमिलवर हळू चालत होते. उभं राहून मोजलं, बसून मोजलं, आडवं होऊन मोजलं की आकडा बदलतो, आडवं झाल्यावर जास्त उतरतो. आमच्या ग्रुपमध्ये एक दादा आहेत, ६३ वर्षांचे, बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्यांचा पट्टा १३५ च्या वर जातच नाही, कारण त्या गोळीचं कामच ते आहे. त्यांनी माझ्या किंवा भाचीच्या आकड्याशी तुलना करून काय उपयोग? त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलंय की धाप किती लागते, बोलता येतंय का, यावर पळा.

म्हणून आमची पद्धत एकच ठेवलीय. तोच चढ, तीन मिनिटं, तोच दगड, सकाळी साडेसहाच्या आसपास, आधी चहा नाही. थांबलं की त्याच सेकंदाला घड्याळाचं लॅपचं बटण (दाबलं की ती वेळ नोंदली जाते), आणि पुतळ्यासारखं उभं न राहता सपाटीवर हळू चालायचं. ३० सेकंद, ६० सेकंद, १२० सेकंद, तीन आकडे लिहायचे. चालायचं कारण फक्त मोजमापाचं नाही, जोरात पळून एकदम थांबलं की रक्त पायातच साठून राहतं, बीपी खाली येतं आणि चक्कर येऊ शकते, आमच्या वयात तर जास्तच. भाची सरळ रस्त्यावर बसकण मारायची, आता तिला पण चालायला लावते. आणि मानेला बोट लावून मोजायचं असेल तर एकाच बाजूला, हलकंच. तिथं जोरात दाबलं तर ठोके त्यानंच कमी होतात, वयस्कर माणसाला भोवळ येऊ शकते. मनगटाची नाडी जास्त सेफ.

वर्षभरात मला याचा सगळ्यात जास्त उपयोग दोनदा झाला. एकदा नोव्हेंबरमध्ये. पाय ठीक होते, मन पण होतं, पहिल्या रिपीटनंतर बघते तर मिनिटात फक्त १६. परत केलं, १५. एरवी २८-२९ असायचे तेव्हा. भाची म्हणाली, "मावशी, चल घरी." मी कुरकुरले पण उतरलो. सोमवारी रात्री १०१ ताप, व्हायरल. अंगाला कळायच्या आधी त्या आकड्यात दिसलं होतं. दर वेळी असं होईल असं म्हणत नाही मी, झोप कमी झाली, उकाडा असला, आदल्या दिवशी जोरात पळणं झालं असेल तरी आकडा पडतो. पण स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा एवढा खाली गेला तर त्या दिवशी जोर लावायचा नाही, एवढं आम्ही ठरवून टाकलंय.

दुसरा अनुभव गुडघ्याचा. फेब्रुवारीत तीन आठवडे पळणं पूर्ण बंद. परत आले तेव्हा ३० वरून २१ वर. तेव्हा सरांनी डॅलसचा तो प्रसिद्ध प्रयोग सांगितला. १९६६ मध्ये विशीतल्या ५ तरुणांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं होतं, नंतर तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं, तर तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जेवढा कमी झाला होता त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त कमी केला होता. आणि मग पन्नाशीत सहा महिने हळूहळू ट्रेनिंग दिल्यावर वयानं गेलेला दम परत आला. मला हे ऐकून एवढा धीर आला. माझे २१ चे परत २९ व्हायला सात आठवडे लागले. भाचीला परीक्षेमुळे तेवढाच ब्रेक झाला होता, ती अडीच आठवड्यात जागेवर. इथं वयाचा फरक मला स्पष्ट जाणवला, मिनिटाच्या आकड्यापेक्षा जास्त.

तसंच दुसऱ्या दिवशीचं. जोरदार इंटरव्हलनंतर (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून पळणं) शरीराची ती ब्रेकची बाजू पूर्ण जागेवर यायला दोन दिवस लागू शकतात, हे तरुणांना पण लागू आहे. भाची रविवारी घाट करून मंगळवारी ट्रॅकवर असते आणि चालून जातं. मी बुधवारशिवाय जोर लावत नाही. आधी लाजेखातर मंगळवारी पळायचे, आता नाही.

आता पट्ट्याच्या तक्रारी, कारण घ्यायचा असेल तर माहीत पाहिजे.

लावायच्या आधी इलेक्ट्रोड ओले केलेच पाहिजेत. पाणी चालतं, आमचे सर थुंकी लावतात, मी पाणीच वापरते. कोरडा लावला तर पहिली पाच-सात मिनिटं काहीही आकडे येतात, घाम आला की ठीक होतो. हिवाळ्यात कोरडी हवा आणि वर ढगळ सिंथेटिक टीशर्ट असला की कपडा घासून स्टॅटिक तयार होतं आणि आकडा एकदम २२० वगैरे दाखवतो. पहिल्यांदा मी जागेवर थांबले होते घाबरून. टीशर्ट अंगाबरोबरचा घातला की बंद.

बायकांसाठी खास: पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या बरोबर खाली बसला पाहिजे, दोन्ही एकावर एक आले तर सरकतो आणि घासून कातडी सोलते. मला तासाभराच्या वर पळताना डाव्या बाजूला लाल चट्टा यायचा, आता तिथं आधी पेट्रोलियम जेली लावते, फक्त इलेक्ट्रोडवर लागू द्यायची नाही. साइज नीट मोजून घ्या, मी मोठा घेतला होता, बदलून घ्यावा लागला.

पळून आल्यावर मधली डबी काढून ठेवायची. नाही काढली तर ओल्या पट्ट्यामुळे तिला वाटतं अजून माणूस आहे आणि बॅटरी संपते. माझी पहिली नाण्यासारखी बॅटरी दोन महिन्यात गेली, डबी काढायला लागल्यापासून दुसरी अजून चालू आहे. पट्टा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा, नाहीतर वास मारतो आणि खारामुळे लवकर खराब होतो. माझा कापडी पट्टा आठव्या महिन्यात गेला, आकडे मधेच गायब व्हायला लागले. वॉरंटीत होता, पण कस्टमर केअरनं तीन आठवडे नुसते ईमेल ईमेल केले, फोटो पाठवा, परत फोटो पाठवा. शेवटी दिला नवीन, पण तीन आठवडे म्हणजे किती रविवार गेले.

सगळ्यात मोठी तक्रार त्यांच्या ॲपची. रिकव्हरीपुढे लाल रंगात 'कमी' असं लिहून येतं, आणि ५६ वर्षांच्या बाईला आणि २२ वर्षांच्या मुलीला तीच पट्टी. वय टाकलेलं आहे ॲपमध्ये, तरी. शिवाय ॲप मोजायला सुरू करतं ते तुम्ही स्टॉप दाबल्यावर, आणि मोबाईल खिशातून काढून दाबेपर्यंत दहा सेकंद जातात, त्या दहा सेकंदात भाचीचे आठ-दहा ठोके उतरलेले असतात. म्हणून आम्ही घड्याळ पट्ट्याला जोडून घड्याळाचं लॅप बटण वापरतो. एखाद्या घाबरट माणसानं ते लाल अक्षर बघून पळणंच सोडलं तर? मला खरंच राग येतो याचा. कंपनीला लिहिलंय, उत्तर नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. हा पट्टा म्हणजे डॉक्टरांचा ईसीजी नव्हे. रक्तवाहिनीत ब्लॉक आहे का हे यात दिसत नाही. छातीत दाब, जबडा-हात दुखणं, चक्कर, पळताना नेहमीपेक्षा वेगळीच धाप, असं काही झालं तर आकडे छान असले तरी डॉक्टर. मी पट्टा घ्यायच्या आधी टीएमटी, म्हणजे तीच ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, करून घेतली होती, चाळिशीनंतर जोरात पळायला लागणाऱ्यांनी एकदा डॉक्टरांना विचारावंच. आणि ठोके एकसारखे न पडता मधेच अडखळत असतील, थांबल्यावर आकडा उगाच वर खाली नाचत असेल आणि पट्टा ओला असूनही ते होत असेल, तर ते पण दाखवा. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्यांमध्ये ठोक्यांची लय बिघडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, स्वीडनमधल्या ९० किमीच्या स्की शर्यतीतल्या ५२ हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास आहे, ज्यांनी सगळ्यात जास्त शर्यती केल्या आणि जे सगळ्यात वेगवान होते त्यांच्यात ते जास्त सापडलं. पळू नका असा त्याचा अर्थ नाही. पण फिट आहे म्हणून मला काही होणार नाही हे डोक्यातून काढा.

घ्यावा का? नुसतं सकाळी चालायला, हळू जॉगिंगला जात असाल तर नको, घड्याळ पुरे, किंवा दोन बोटं आणि भिंतीवरचं घड्याळ पण पुरे. पण इंटरव्हल, घाट, हाफ मॅरेथॉनची तयारी करत असाल आणि पन्नाशीच्या पुढे असाल तर घ्या. तरुण पोरांना मी म्हणेन दोघांत तिघांत एक घ्या, फक्त धुऊन वापरा. माझ्याकडून पट्ट्याला पाचपैकी साडेचार, ॲपला दोन.

ता. क. गेल्या रविवारचे आकडे पण टाकते, कुणाला लागले तर. माझे १७० वरून १३९ आणि मग ११६, म्हणजे मिनिटात ३१. भाचीचे १९३ वरून १४५ आणि ११७. आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेली शर्यत) फायनलला पोचली, तेव्हापासून भाचीच्या डोक्यात तीच शर्यत आहे. यंदा ती ३००० मीटर स्टीपलचेस पहिल्यांदा पळणारे, पाण्याच्या उडीनंतर पट्टा जागेवर राहतो का ते बघून इथंच लिहीन.